मावशी, त्या गुंजा डबीतच राहू देत

मंगळवारी दुपारी मावशीचा फोन. "अगं, त्या गुंजा आख्ख्या गिळायच्या, का कुटून दुधात घालायच्या? मेसेजमध्ये नीट लिहिलेलं नाही."

मावशी ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना मोबाइल फार उपाय सुचवतो. दुसऱ्या कुणी हा मेसेज वाचला असता तर गुंजा शोधत बाजार धुंडाळावा लागला असता. मावशीच्या सासरी मात्र तीन पिढ्या सराफी होती. देव्हाऱ्याखालच्या खणात अजून एक पितळी डबी आहे आणि तिच्यात पन्नास-साठ गुंजा. लालभडक, टोकाला काळा ठिपका. म्हणजे साहित्य घरातच, फक्त कृती विचारायला फोन केला होता.

तो फॉरवर्ड मला आधी तीन वेळा येऊन गेला होता. भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. तिन्ही वेळा मी सोडून दिलं. म्हटलं, कोण तोंडी लागणार. आता मावशीने दूध तापत ठेवलंय म्हटल्यावर बसले लिहायला.

ज्यांना तो आला नसेल (असे कोण आहेत?) त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वजांचं मापनविज्ञान कसं महान होतं आणि इंग्रजांनी ते कसं पुसून टाकलं, असा एकूण सूर. शेर-मण-तोळा ही वजनं म्हणे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हजारो वर्षं एकच होती. गुंजेची प्रत्येक बी तंतोतंत सारख्या वजनाची असते, शिवाय ती दिव्य औषधी, म्हणून जुनी माणसं गुडघेदुखीवर 'रोज दोन गुंज दुधातून' घेत. हात, वीत, अंगुळ ही मापं देहातच असल्यामुळे फसवणूक अशक्य होती. गुंठा वेदकाळापासूनचा. योजनावरून सूर्याचं अंतर आपल्याला आधीच ठाऊक होतं. घटका-पळं आता नासानेही मान्य केली आहेत. आणि मग इंग्रज आले, त्यांनी मीटर-किलो लादलं. शेवटी, खरे मराठी असाल तर अकरा जणांना पाठवा.

आधी गुंज. बाकीचं सगळं चुकलं तरी कुणी मरत नाही, इथे मरू शकतं.

गुंज हे वजनाचंही नाव आणि बीचंही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्याच्या ९६ गुंजा. तोळ्याचे ११.६६ ग्रॅम धरले तर एक गुंज होते साधारण १२१ मिलिग्रॅम. आजच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत हिशेब सोपा व्हावा म्हणून गुंजेचे १२५ मिलिग्रॅम धरतात. तेव्हा एखाद्या वैद्याने चिठ्ठीवर 'अमुक भस्म, दोन गुंज, मधातून' असं लिहिलं की त्याचा अर्थ पाव ग्रॅम भस्म. काट्याच्या एका पारड्यात दोन गुंजा ठेवायच्या, दुसऱ्यात भस्म. तोल साधला की भस्म रोग्याला द्यायचं आणि गुंजा परत डबीत टाकायच्या. माझा अंदाज असा, की कुणीतरी ही ओळ उतरवून घेताना भस्माचं नाव गाळलं आणि पारड्यातलं वजनच रोग्याच्या पोटात गेलं. उद्या हाच माणूस 'पावशेर साखर' वाचून लोखंडी वजन चहात टाकेल.

आणि ही बी साधी नाही. तिच्यात अब्रिन नावाचं विष असतं. शरीरातल्या पेशी प्रथिनं तयार करून जगतात, अब्रिन ते कामच बंद पाडतं. बीचं कवच टणक असल्यामुळे आख्खी गिळलेली गुंज बऱ्याचदा जशी गेली तशी बाहेर येते. 'आमच्या नातवाने गिळली होती, त्याला काही झालं नाही' ह्या गोष्टी तिथूनच आलेल्या. पण बी चावली, फोडली किंवा कुटली की कवच गेलं आणि आतलं विष मोकळं झालं. अशा मोजक्या बियाही जिवावर बेतू शकतात. त्रास लगेच सुरू होईल असंही नाही. काही तास, कधी त्याहून जास्त वेळ माणूस ठीक असतो, मग उलट्या, रक्ताचे जुलाब. अब्रिनवर उतारा नाही. दवाखान्यात सलाइन लावून शरीराला आधार देता येतो, एवढंच. म्हणजे मावशीने जे दोन पर्याय विचारले होते, त्यातला 'कुटून' हा जास्त वाईट. आणि तिचा कल तिकडेच होता, कारण गोळ्या गिळताना तिला ठसका लागतो.

आता कुणी म्हणेल, बघा, आयुर्वेदाला नावं ठेवते. मी कशाला ठेवू? आयुर्वेदाच्याच रसशास्त्राने गुंजेला उपविषांत बसवलंय. त्या पंगतीला आणखी कोण आहे? कण्हेर, धोतरा, रुई, कळलावी, अफू. शोधन, म्हणजे विषारीपणा काढायची प्रक्रिया, केल्याशिवाय ह्यातलं काहीही पोटात घेऊ नये असं तेच शास्त्र बजावतं, आणि ते शोधन वैद्याने करायचं, मावशीने गॅसवर नाही. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याची गुरं मारायला गुंजेच्या लगद्याच्या टोकदार सुया करून जनावराच्या कातडीत खुपसत. जुन्या विषशास्त्रात त्याच्या नोंदी आहेत. गुंजेचा गुण आपल्या लोकांना चांगलाच ठाऊक होता, फक्त तो गुडघ्याला लावण्याचा नव्हता.

कुणाच्या घरात कुणी गुंज चावून खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. उरलेल्या बिया बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

प्रत्येक बी सारख्याच वजनाची, हेही खोटं. झाडाची बी आहे, टाकसाळीतलं नाणं नाही. कॅरट हे माप ज्या कॅरब झाडाच्या बियांवरून आलं, त्यांच्याबद्दलही जगभर हीच दंतकथा होती. २००६ मध्ये संशोधकांनी त्या बिया तोलून पाहिल्या, तर इतर झाडांच्या बियांपेक्षा त्या काही जास्त एकसारख्या निघाल्या नाहीत. सोनार गुंजा निवडून घ्यायचा, फार मोठी आणि फार बारकी बाजूला टाकायचा, आणि त्या निवडीवर त्याचं वजन चालायचं. श्रेय सोनाराच्या नजरेचं आहे, ते बीला देऊ नका.

आणि तोळा तरी एक आहे का? सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना सरकारी तोळा ११.६६ ग्रॅम. वैद्यकात १२ ग्रॅम. लग्नात 'पाच तोळे घातले' म्हणणाऱ्या आजीचं आणि आजच्या 'पाच तोळ्यां'चं सोनं शेजारी ठेवलं तर नातसुनेचं आठ ग्रॅमनी कमी भरेल. त्यावरून कितीक घरांत भांडणं झाली असतील, देव जाणे.

मण-शेर सगळीकडे एकच, ह्याला मी एकच पुरावा देते, तेवढा पुरे. यूल आणि बर्नेल ह्या दोघांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात घुसलेले देशी शब्द त्यात आहेत. 'मण' ह्या शब्दाखाली ते सांगतात, की मणाचं वजन दोन पौंडांच्या जेमतेम वर सुरू होतं आणि १६० पौंडांच्या पुढे जातं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. मद्रासचा २५ पौंड. सरकारी मण ८२ पौंडांच्या थोडा वर, ३७.३ किलो. त्रावणकोरातल्या कोलाचीचा मण १८ पौंड १२ औंस, जेमतेम साडेआठ किलो. आणि हिंदुस्थानातला सगळ्यांत दांडगा मण कुणाचा? आपल्या अहमदनगरचा! ६४ शेरांचा 'पल्लोडा' मण, १६३ पौंडांच्याही वर, म्हणजे ७४ किलो. मुंबईचे जवळजवळ सहा मण नगरच्या एका मणात मावतात, आणि दोन्ही गावं एकाच इलाख्यात. काश्मीर-कन्याकुमारी राहू दे, मुंबईहून निघालेला मण नगरला पोचेपर्यंत एवढा फुगत असेल तर 'हजारो वर्षं एकच' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं?

इंग्रजांनी लिहिलंय म्हणून पटत नसेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, मण किती पायल्यांचा. कुणी बारा सांगेल, कुणी सोळा, आणि दोघंही खरं सांगत असतील. खंडी म्हणजे वीस मण, पण मेंढपाळाची खंडी म्हणजे वीस मेंढरं. नवटाक म्हणजे नऊ टाक, शेराचा आठवा भाग, कधीकाळी तेला-तुपाचं माप. दारूबंदीच्या काळात मुंबईत ह्याच शब्दाचा भलताच अर्थ रूढ झाला, आणि मला वाटतं आज तो शब्द जिवंत आहे तो तेवढ्याच पुण्याईवर.

शेकडो वर्षांच्या एकसारखेपणाचं एक खरं उदाहरण आहे, ते कबूल करते. सिंधू संस्कृतीची चकमकीच्या दगडाची घनाकृती वजनं. लहानांपासून दुप्पट-दुप्पट चढत जाणारी, साधारण १३.६ ग्रॅमचं माप त्यांतलं नेहमीचं, आणि हडप्पापासून गुजरातेतल्या लोथलपर्यंत एकमेकांशी जुळणारी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. फॉरवर्डवाल्याने नेमकी तीच लिहिलेली नाही.

आता तो फसवणुकीचा मुद्दा. मला सगळ्यांत जास्त हसू आलं ते ह्यावर, आणि रागही.

मापात फसवाफसवी नव्हती, तर कौटिल्याला पौतवाध्यक्ष कशाला नेमावा लागला? अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात हा वजनमापांचा अधिकारी आहे. दर चार महिन्यांनी मापं तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा. बिनशिक्क्याचं माप सापडलं तर दंड सव्वासत्तावीस पण (पण हे तेव्हाचं नाणं). सत्तावीस नाही, सव्वासत्तावीस. जिथे लबाडी नसते तिथे दंडाला सव्वा चिकटत नाही.

त्याहून गंमत पुढे आहे. द्रोण हे धान्याचं माप. अर्थशास्त्रात द्रोण चार आहेत. सरकारात जमा करून घ्यायचा द्रोण २०० पळांचा (हे पळ वजनाचं, वेळेचं नव्हे). बाजारातल्या व्यवहाराचा साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७½ पळांचा. नोकरचाकरांना वाटायचा १७५ पळांचा. आणि अंतःपुरात द्यायचा १६२½. चारींचं नाव द्रोणच! घेताना मोठा, देताना लहान, आणि सगळ्यांत लहान घरच्या बायकांना. हे चोरून चाललेलं नाही, ग्रंथात लिहून ठेवलेलं आहे. ज्या पूर्वजांना फसवणूक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं म्हणून फॉरवर्ड सांगतो, त्यांनी ती दशांशापर्यंत मांडून ठेवली होती.

आमच्या गावी खळ्यावर मापारी बसायचा. मी लहानपणी पाहिलेला शेवटचा मापारी हाताने आडदांड, बोलायला मिठ्ठास. पहिली पायली ओतताना तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, लाभ, लाभ, मग दोन, दोन, दोन. मध्येच कुणी त्याला काही विचारलं की आकडा तोंडात घोळत राहायचा आणि पुढची पायली मागच्याच आकड्यात जायची. मध्येच विचारणारा कोण, हे त्याला कुणी बोलावलंय ह्यावर ठरायचं. आणि शीग! पायली काठोकाठ भरली की वर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग. 'उत्साह शिगेला पोचला' म्हणतो ना, तीच ही. कर्जाचं धान्य वसूल करताना पायली शिगेची, आणि पेरणीच्या तोंडावर उसनं देताना वरून काठी फिरवून सपाट. वर सवाई-दिढीचं, म्हणजे सव्वापट-दीडपट परत घ्यायचं, व्याज वेगळं. पायलीला कुणी हात लावला नाही, ती तेवढीच आहे.

हे नुसतं ऐकीव नको म्हणून मी बुधवारी स्वयंपाकघरात प्रयोग केला. माझ्याकडे दोन मापटी आहेत. एक आजीचं, आईकडून आलेलं, पितळी, काठाला पोचा आलेलं. दुसरं सासरचं, लोखंडी पत्र्याचं, कडीचं. मापटं म्हणजे अर्धा शेर, असं दोन्ही घरं छातीठोक सांगतात. आजीच्या मापट्यात पाणी मावलं ४४० मिलिलिटर, सासरच्यात ५१०. मग ज्वारी भरली आणि डिजिटल काट्यावर ठेवली. आजीचं मापटं सपाट भरलं तर ३४० ग्रॅम, शीग लावून ३८५. सासरचं सपाट ३९५, शिगेसकट ४४५. म्हणजे 'एक मापटं ज्वारी' ३४० पासून ४४५ ग्रॅमपर्यंत काहीही. पायलीत आठ मापटी, तेव्हा पायलीमागे फरक ८४० ग्रॅमचा, आणि सोळा पायल्यांच्या मणामागे तेरा किलोंहून जास्त. सगळी ज्वारी ओट्यावर सांडली ती वेगळी, तिचा हिशेब सासूबाईंनी ठेवलाय.

हात-वीत-अंगुळ देहातच असतात, हे मात्र अर्धं खरं आहे. नाइलाजाने का होईना, मान्य करते. संतांच्या वाणीत देह 'औट हाताचा', म्हणजे साडेतीन हातांचा. ज्याचा त्याचा हात धरला तर बुटका काय नि उंच काय, सगळे साधारण साडेतीनच. चरकानेही माणसाची उंची ज्याच्या त्याच्या अंगुळांनी ८४ सांगितली आहे, आणि २४ अंगुळांचा हात धरून भाग द्या, साडेतीन येतात! सुश्रुताने १२० अंगुळं सांगितली, ती बाब वेगळी. वैद्याला हे माप छानच, कारण त्याला रोग्याचं अंग त्याच्याच अंगाशी ताडून बघायचं असतं. पण कापडाच्या दुकानात हात कुणाचा धरायचा? गिऱ्हाईक आपला पैलवान भाऊ घेऊन येणार आणि दुकानदार आपलं बारकं पोरगं पुढे करणार. 'आठ हात लाकूड, नऊ हात ढलपी' ही म्हण काय उगाच पडली?

राज्यकर्त्यांना हे कळत होतं. शिवशाहीतल्या जमीनमोजणीची काठी सभासदाच्या बखरीत दिली आहे, पाच हात आणि पाच मुठी. पण तिथे न थांबता ती तसू ह्या बारक्या, ठरलेल्या मापातही बांधून दिली आहे. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. मोजणीदाराचा हात केवढा ह्यावर रयतेचा सारा ठरू नये, एवढं भान तेव्हा होतं. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा, तोही त्याच कारणाने ठरवून टाकलेला. देहातलं माप देहाबाहेर काढून काठीवर कोरायचं, ह्यासाठीच तर सगळा आटापिटा होता. फॉरवर्डवाला ते परत देहात घालायला निघालाय.

गुंठा वेदकाळापासूनचा, हे वाचून मी खरंच टाळी वाजवली. शब्द देशी आहे, जुना आहे, वाद नाही. पण आपण ज्याला गुंठा म्हणतो तो केवढा? ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आता हे ३३ फूट कुठल्या वेदात आहेत? एडमंड गंटर नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास जमीन मोजायची ६६ फुटी साखळी काढली. तिच्या दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. निम्मी साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, तो आपला गुंठा. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांची मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू झाली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली, आणि एकर-गुंठे आपल्या सातबाऱ्यावर बसले ते त्या वाटेने. ज्या गुंठ्यावरून भाऊबंदकीत डोकी फुटतात, 'गुंठामंत्री' हा शब्द ज्याच्यामुळे मराठीत आला, तो मोजायला साहेबाची साखळी आहे. बिघा-चावर विस्मरणात गेले त्याबद्दल फॉरवर्डात एक अक्षर नाही, आणि इंग्रजांच्या गुंठ्याला मात्र वेदांत जागा.

तोळ्याचंही तेच. ११.६६ ग्रॅमचा 'प्राचीन' तोळा म्हणजे कंपनी सरकारने १८३३ मध्ये ठरवलेला १८० ग्रेनचा तोळा, त्यांच्या रुपयाच्या वजनाचा.

आणि मीटर-किलो इंग्रजांनी लादलं? अहो, इंग्रज जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, १९५६ मध्ये, आपल्या संसदेने कायदा केला. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं आली. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. मीटर हे फ्रेंच राज्यक्रांतीचं अपत्य. इंग्रजांना ते त्या काळी विष वाटायचं. त्यांनी स्वतः मेट्रिककडे वळायचं ठरवलं ते १९६५ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर, आणि लंडनच्या रस्त्यांवर अजून मैलच लिहिलेले असतात. इंग्रजांनी आपल्यावर लादलं ते पौंड, इंच, एकर. ते काढून टाकणारी पद्धत त्यांच्या नावावर खपवायची, ह्याला काय म्हणावं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून छड्या खाल्लेल्या पिढीला विचारा, दशमान पद्धत आली तेव्हा कुणी रडलं होतं का.

योजनाचं फार लांबवत नाही. फॉरवर्डाचा हिशेब असा: हनुमान चालीसातल्या 'जुग सहस्र जोजन पर भानू' ह्या ओळीतलं युग म्हणजे १२,००० वर्षं, गुणिले सहस्र, गुणिले योजन, आणि योजनाचे आठ मैल, की आलं सूर्याचं अंतर. वर्षांना योजनांनी गुणून मैल कसे येतात हे गणिताच्या बाईंना विचारायची सोय नाही. आठ मैल कुठून आणले? उत्तर जुळावं म्हणून. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १६०० योजनं, त्यावरून योजन साधारण पाच मैलांचं पडतं. आर्यभटाने व्यास १०५० योजनं दिला, म्हणजे त्याचं योजन आणखी वेगळं. आणि ह्या दोघांनीही सूर्य काही लाख योजनांवरच ठेवलाय, एक कोटी वीस लाखांवर नाही. आर्यभट मोठाच, त्याला हे असले टेकू लागत नाहीत. योजन मोजायचे कोसांत, आणि कोस म्हणजे मूळ 'क्रोश', आरोळी. आरोळीवरून निघालेलं माप सूर्यापर्यंत न्यायचं तर ओरडणाऱ्याचा घसा तसाच हवा.

घटका-पळांबद्दल माझं काही म्हणणं नाही. साठ घटकांचा दिवस, साठ पळांची घटका, म्हणजे घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. पाण्यावर तरंगणारं, बुडाला भोक असलेलं घटिकापात्र बुडालं की घटका भरली. साधी आणि हुशार सोय. नासाला ह्यात घ्यायचं कारण नव्हतं, नासाला दुसरी कामं आहेत.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. गुंजांचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगं बाई, म्हणजे सासूबाई आम्हाला त्या डबीला हात लावू द्यायच्या नाहीत ते ह्यासाठी होय. मला वाटायचं कवडीचुंबक आहेत." डबी आता कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आहे, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी. दूध तिने हळद घालून पिऊन टाकलं.

मग मी मोठ्या उत्साहाने मापट्यांचा प्रयोग सांगितला. आजीचं ४४०, सासरचं ५१०, बघ, तुझी जुनी मापं कशी खोटी.

"खोटी कशाला असतील?" मावशी म्हणाली. "तुझ्या आजेसासऱ्यांची धान्याची सावकारी होती ना? मग त्यांचं घ्यायचं मापटं तुझ्याकडे आलंय. द्यायचं कुणाकडे गेलं ते विचार सासूबाईंना."